एका गावाची एक होळी

फाल्गुन महिना लागला की होळीसंबंधीच्या सूचना छापून येऊ लागतात. झाडे तोडू नका, पाणी सांडू नका, रासायनिक रंग वापरू नका, ध्वनिक्षेपक लावू नका. या सूचना योग्यच आहेत, आणि त्या करणाऱ्यांचा हेतूही निर्मळ आहे. तरी त्यांचा व्हावा तितका परिणाम होत नाही, हे आपण दर वर्षी पाहतो. आमच्या मते याचे एक कारण असे की, या सूचना एकेका कुटुंबाला उद्देशून केलेल्या असतात. एका घराने लाकडे कमी जाळली, दुसऱ्याने पाणी कमी वापरले, तर त्याचे समाधान त्या घरापुरते राहते. पलीकडच्या गल्लीतली होळी मात्र गेल्या वर्षापेक्षा दोन हात वाढलेली असते. सण कुटुंबाने साजरा करावयाचा असला तरी होळी ही मुळात गावाची. ती गावाची होती तोवर तिचा खर्च, तिची लाकडे आणि तिचा आवाज यांना आपोआप एक मर्यादा होती. ती मर्यादा सुटली, आणि मग सूचनापत्रके काढण्याची वेळ आली.

हे जुने सामायिकपण अजून डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या पुढे गेले की गोव्याचा पेडणे महाल लागतो, आणि त्याच्या आग्नेयेस डिचोली. या दोन महालांतला शिमगा, म्हणजे तेथील भाषेत शिगमो, आपल्या करवीरकरांनी एकदा तरी जाणतेपणाने पाहावा, अशी आमची शिफारस आहे. गोवा आणि आपले नगर यांचा ऋणानुबंध संगीतप्रेमी वाचकांस सांगावयास नको. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात राहिले, आणि त्यांच्या गायकीचा ध्वज ज्या दोघींनी पुढे उंच धरला, त्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर दोघीही गोव्याच्या. आमच्या घरीही वडिलांची दरबारी गाण्याची परंपरा. त्यामुळे गोव्याचे नाव लहानपणापासून सुरांच्या संगतीनेच कानांवर पडत आले. परंतु मैफलीतला गोवा आपल्याला जितका ठाऊक आहे, तितका मांडावरचा गोवा ठाऊक नाही.

थोडा इतिहास येथे आवश्यक आहे. गोव्याचे जुन्या काबिजादी व नव्या काबिजादी असे दोन भाग पडतात. तिसवाडी, बारदेश, साष्टी हे महाल सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी इत्यादी महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. त्यांपैकी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून 1788 साली गेले. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा पहिला जोर ओसरला होता, आणि नव्या मुलखातील रयतेचे देव व चालीरीती यांस हात लावू नये असे सरकारी धोरण ठरले होते. म्हणून या भागात गावची देवळे, मांड, मानकरी आणि सणांची जुनी व्यवस्था पुष्कळ अंशी टिकून राहिली. शिगम्यातही हा भेद दिसतो. जुन्या काबिजादींतला धाकटा शिगमो पौर्णिमेच्या आत आटोपतो; नव्या काबिजादींतला व्हडलो शिगमो पौर्णिमेला होळी उभी राहिल्यावर सुरू होतो आणि पुढे कित्येक दिवस चालतो.

या व्यवस्थेचे केंद्र म्हणजे मांड. मांड ही गावाने सणासाठी राखलेली पवित्र जागा. तेथे गावकरी जमतात, देवतांना आळवणारे नमन होते, आणि मगच वाद्यांवर हात पडतो. मांडावरून मेळ निघतो आणि दारोदार फिरतो. ढोल, ताशा आणि काशाची मोठी झांज म्हणजे कांसाळे, ही त्याची मुख्य वाद्ये. मेळ अंगणात आला की घरच्या मंडळींनी शिधा, नारळ किंवा यथाशक्ती दक्षिणा द्यावी, मुलाबाळांनी ओट्यावर बसून खेळ पाहावा, आणि मेळाने घराचे भले चिंतून पुढच्या अंगणात जावे, असा क्रम. कुटुंबाचा सण येथे होतो तो असा. घराला काही विकत आणावे लागत नाही, सजवावे लागत नाही. गाव फिरत फिरत घरापर्यंत येतो. ज्याच्या घरी दुभते आहे त्याच्याही अंगणात तोच ढोल, आणि ज्याच्या घरी चूल जेमतेम पेटते त्याच्याही अंगणात तोच.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी या भागांतली घोडेमोडणी पाहा. घोड्याचे लाकडी तोंड, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कापड आणि फुलांच्या माळा. हा घोडा कमरेला बांधून, डोक्यास फेटा, पायांत घुंगरू आणि हातात तलवार घेऊन नाचणारे वीर वाद्यांच्या ठेक्यावर पावले टाकतात. जुन्या लढायांतील विजयाची ही आठवण आहे असे सांगतात. आपल्या विषयापुरता त्यातला मुद्दा साधा आहे. लाकडी तोंडे वर्षानुवर्षे जपून ठेवता येतात. कामट्या मोडल्या तर बेटातून नव्या येतात. कापड जुने झाले की बदलते. फुले दुसऱ्या दिवशी मातीत जातात. कांसाळे तर पिढ्यान्पिढ्या वाजते. डिचोलीच्या कासारांच्या समया आणि तेथील कुंभारांची मडकी प्रसिद्धच आहेत; म्हणजे सणाला लागणारे बहुतेक सामान चार कोसांच्या आत तयार होत असे आणि सण संपल्यावर त्यातले टाकून द्यावे असे फारच थोडे उरत असे. ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द ज्यांच्या कानांवर कधी आला नाही, अशा लोकांनी ही रचना केली. गावाजवळ साधने थोडी होती आणि माणसे पुष्कळ होती, एवढेच तिचे रहस्य.

तथापि जुने म्हणून सारेच निर्दोष, असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. होळीचे झाड हाच पहिला अवघड प्रश्न. गोव्याकडे होळी म्हणजे केवळ जाळ नव्हे. वाजतगाजत आणून मांडाजवळ किंवा देवळासमोर उभा केलेला उंच सोट म्हणजे होळी. कोठे तो आंब्याचा असतो, कोठे सावरीचा, कोठे पोफळीचा. एका गावाची एक होळी होती तेव्हा वर्षाकाठी एक झाड जाणे हे त्या काळच्या रानाला जड नव्हते. परंतु वाड्यावाड्याची, मंडळामंडळाची निराळी होळी उभी राहू लागली की तोच विधी रानाला पेलत नाही. त्यातही सावरीचे झाड फाल्गुनात ऐन फुलांवर असते. पाने झडून गेलेली, आणि लालभडक मांसल फुलांनी फांद्या भरलेल्या. मैना, बुलबुल, कावळे, वटवाघळे, मधमाश्या सारी त्या फुलांतील मधावर गोळा होतात. उन्हाच्या तोंडाशी जे झाड शेकडो जीवांची पाणपोई होते, तेच नेमके त्या महिन्यात तोडावे, यात देवाची प्रीती असेल असे आम्हांस वाटत नाही.

पोफळीचा सोट हा याहून बरा मार्ग आहे. कुळागरात पीक देईनाशी झालेली, वठलेली पोफळ दर वर्षी निघतेच. ती उंच, सरळ आणि खांद्यावरून नेण्यास हलकी. ज्या गावात आंब्याचाच मान आहे, तेथे वठलेला आंबा निवडावा आणि त्याच पौर्णिमेला पुढच्या पावसात लावावयाच्या रोपाची जागा ठरवून तिची पूजा करावी. मानकऱ्यांनी ठरविले तर यात विधीला बाध येण्याजोगे काही नाही. मात्र ठरवावयाचे ते मानकऱ्यांनी आणि गावाने मांडावर बसून. शहरातून आलेल्या पाहुण्याने अंगणात उभे राहून उपदेश करावा हा त्याचा मार्ग नव्हे.

परंपरा अशा रीतीने बदलते काय, असे कोणी विचारील. आमच्या धंद्यातलेच एक उदाहरण देतो. घुमट हे गोव्याचे खास वाद्य. दोन्ही बाजूंनी उघडे असे मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविलेले, आणि लहान तोंड मोकळे. एका हाताने कातड्यावर बोल काढावयाचे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने लहान तोंड झाकून-उघडून घुमारा वळवावयाचा, हे त्याचे तंत्र. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांची सुंवारी शिगम्यात ऐकावी. लयीचे हिशेब आमच्या पखवाजियांनीही कान टवकारावेत असे असतात. या घुमटावर परंपरेने घोरपडीचे कातडे चढवीत. ते पातळ, चिवट, आणि दमट हवेत लवकर न उतरणारे. परंतु घोरपड हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तिची शिकार हा गंभीर गुन्हा. आता घुमट गेले, असे तेव्हा पुष्कळांस वाटले असेल. पण घुमट गेले नाही. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे घेतले, ते पातळ करून ताणण्याच्या युक्त्या शोधल्या, वादकांनी हात त्याप्रमाणे वळविला, आणि 2019 साली गोवा सरकारने याच घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले.

वाद्यशिक्षक या नात्याने आम्ही एवढे प्रामाणिकपणे सांगू की, दोन्ही कातड्यांचा नाद तंतोतंत एक नाही. जुन्या कानांना फरक कळतो, आणि ज्यांना तो कळतो त्यांची हळहळ खोटी नाही. बकऱ्याचे कातडे दमट हवेने लवकर ढिले पडते. ते पुन्हापुन्हा शेकून चढवावे लागते. पण तालाचा बोल, सुंवारीची बांधणी, मेळातली जुगलबंदी यांतले काय हरवले? काहीच नाही. वाद्याचे प्राण त्याच्या बोलांत असतात, आणि ते बोल शिकणारी पोरे आहेत तोवर वाद्य जिवंत आहे. घोरपड राखूनही घुमट राखता आले, तर सावर राखूनही होळी राखता येईल, असा आमचा विश्वास आहे. त्याला किंमत पडते. ती किंमत कारागिराने आणि कलावंताने दिली. आता सण करणाऱ्यांनी द्यावयाची पाळी आहे.

सणावर आलेले खरे संकट मात्र याहून मोठे आहे, आणि ते दोन दिशांनी आले आहे. पहिले शहराकडून. अलीकडे शिगम्याच्या मोठमोठ्या मिरवणुका पणजी, म्हापसे, मडगाव, फोंडे येथे आणि पेडणे, डिचोलीच्या शहरांतही भरतात. रोमटामेळ, चित्ररथ, वेशभूषा यांना बक्षिसे लागतात. त्यामुळे गावोगावचे कलावंत लोकांसमोर येतात आणि त्यांना चार पैसे मिळतात, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मांडावर जो मेळ देवासमोर वाजतो तो स्पर्धेत परीक्षकांसमोर वाजतो. आणि स्पर्धा लागली की आकार वाढतो. चित्ररथ उंच होतो, त्यावर थर्मोकोल आणि प्लॅस्टिक चढते, मागे वीजनिर्मितीचे यंत्र धूर ओकत चालते, आणि ढोल कमी पडतो म्हणून त्याच्या पुढे कर्णा बांधला जातो. ढोल हे उघड्या माळासाठीच जन्मलेले वाद्य आहे. त्याला कर्णा बांधणे म्हणजे समुद्रात पाण्याची घागर ओतणे. त्याने वाद्याचा नाद फाटतो, वादकाच्या हातातले बारकावे नाहीसे होतात, आणि पाळण्यातले मूल दचकते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली आहे. सणासुदीला काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे. पण हा नियम कायद्यापेक्षाही संगीताच्या हिताचा आहे, हे आपल्या गावीही नसते.

दुसरे संकट जमिनीकडून आले आहे. डिचोली महाल हा लोहखनिजाचा मुलूख. तेथील डोंगर कित्येक दशके खणले गेले. 2012 साली काम थांबले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण झालेले 88 खाणपट्टे रद्द केले. पुढे लिलाव होऊन 2024 पासून डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर मोठा विमानतळ झाला आणि 2023 च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्या पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला होता. खाणीवर आणि विमानतळावर हजारो घरांची भाकर अवलंबून आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु सणाचा विचार करताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. मांड, घोडे, होळी यांना जे काही लागते ते याच डोंगरांतून आणि सड्यांवरून येते. डिचोलीतल्या साळ गावी होळीपासून तीन रात्री गड्यांची जत्रा भरते. डोंगराकडे दिसणाऱ्या दैवी चुडींच्या ओढीने गडे अंधारात धाव घेतात, अशी तेथील श्रद्धा, आणि ती पाहावयास दूरदूरचे लोक रात्र जागवितात. त्या श्रद्धेविषयी ज्याने त्याने आपापले मत ठेवावे. पण ज्या विधीला डोंगर, रान आणि काळोख हे तिन्ही लागतात, तो विधी डोंगर कापून आणि रात्रीचा दिवस करून कसा टिकावा? सणाच्या दिवशी एक झाड वाचविले आणि वर्षभर सबंध टेकडीकडे पाठ फिरविली, तर त्या वाचविण्याला फारसा अर्थ राहत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या नगराने या बाबतीत एक उत्तम पायंडा पाडला आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. येथे होळीत शेणी जाळण्याची पद्धत. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिकेकडून विनामूल्य अंत्यसंस्कार होतात आणि त्यास शेणी लागतात. म्हणून होळी लहान करावी आणि उरलेल्या शेणी स्मशानभूमीला द्याव्यात, ही चळवळ येथे चालू झाली व पुष्कळ मंडळांनी, तालमींनी ती उचलून धरली. पोळी अग्नीत न टाकता भुकेल्याच्या हातात द्यावी, हा तिचाच जोड-उपक्रम. या उपक्रमांना यश का आले याचा विचार केला तर पेडणे-डिचोलीचेच सूत्र हाती लागते. ‘तुझ्या घरी कमी कर’ एवढेच न सांगता, ‘सर्वांचे मिळून एका ठिकाणी पोहोचवू’ असे येथे सांगितले गेले. कमी केलेल्याला जाण्यास एक जागा मिळाली, आणि देणाऱ्यास सणाचा आनंदही मिळाला.

हेच पुढे नेता येण्यासारखे आहे. एका पेठेतल्या चार गल्ल्यांनी मिळून एकच होळी करावी, आणि तिचा मान दर वर्षी निराळ्या गल्लीकडे जावा. रंगपंचमीला प्रत्येक दारी पाण्याची पिंपे भरण्याऐवजी एका चौकात, एका वेळी, कोरड्या रंगाने खेळावे. पळसाची फुले रात्रभर भिजवून सकाळी उकळली की सुंदर केशरी रंग निघतो. घरातील आजीबाईंना ही कृती विचारावी आणि नातवंडांना त्यांच्या हाताखाली बसवावे. मात्र फुले झाडाखाली पडलेली वेचावीत, फांद्या ओरबाडू नयेत. भडक हिरवे, काळे, रुपेरी रंग मुलांच्या डोळ्यांपासून दूरच बरे. तालमीच्या पोरांनी डॉल्बीला द्यावयाची वर्गणी एका वर्षी ढोल, ताशा, हलगी चढवून घेण्यास द्यावी आणि चांगल्या वादकाकडून महिनाभर हात बसवून घ्यावा. ते वाद्य पुढची वीस वर्षे वाजेल. भाड्याने आणलेल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून दुसऱ्या दिवशी उरतो तो फक्त कानांतला दडा.

जी कुटुंबे शिमग्याच्या सुट्टीत गोव्याकडे उतरतात, त्यांना एक वेगळी विनंती. समुद्रकिनारा पाहावा, पण एक रात्र मांडासाठी राखावी. यजमानाला विचारून जावे. पादत्राणे, प्रकाशझोत आणि छायाचित्रांची घाई मांडाबाहेर ठेवावी. पाणी आपल्या तांब्यात न्यावे आणि कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. मेळ अंगणात आला तर यजमानाच्या बरोबरीने नारळ पुढे करावा. मुलांनी ढोलावरचा ठेका मांडीवर धरून पाहावा. आपले मूल ज्या दिवशी ‘हा ताल कोणता?’ असे विचारील, त्या दिवशी सहल सार्थकी लागली असे समजावे.

वसंत हा काही आपल्याला विकत मिळालेला ऋतू नाही. सावरीची फुले, पळसाचा रंग, कुळागरातली सावली आणि मांडावरचा ढोल ही सारी सामायिक मिळकत आहे, आणि सामायिक मिळकतीचा नियम आपल्या जुन्या घराण्यांना चांगला ठाऊक आहे: उपभोग सर्वांनी घ्यावा, मोडतोड कोणी करू नये, आणि पुढच्या पिढीच्या हाती ती आहे तशी द्यावी. पेडणे-डिचोलीच्या गावांनी ही मिळकत परकी राजवट असतानाही राखली. आपल्याला तर आज कोणाचीही आडकाठी नाही. येत्या पौर्णिमेला आपल्या पेठेत किती होळ्या पेटतात, हे प्रत्येकाने मोजावे. आणि पुढच्या वर्षी त्यांतली एक तरी कमी व्हावी म्हणून शेजारच्या गल्लीशी आताच बोलणे करावे.